हृदयांतील कोनाडा

एकत्र कुटुंबांत अर्धांगवायूचा झटका हा कधींच एका माणसाचा रोग राहत नाहीं. आदल्या रात्रीं पानावर बसून नातवंडांशीं बोलणारे आजोबा सकाळीं उठावयास जातात तों उजवा हात लुळा, तोंड वांकडें, आणि मनांतील शब्द कांहीं केल्या ओंठांवर येत नाहीं. त्या घटकेपासून सुनेचा सारा दिवस, मुलाची नोकरी, नातवाचें शिक्षण व घरची शिल्लक या सर्वांचीच घडी विसकटते. पुष्कळ वृद्ध माणसें बोलून दाखवितात कीं, मरणाचें आम्हांस भय नाहीं, पण दुसऱ्याच्या हातानें घांस घेण्याची पाळी येऊं नये. हें भय अनाठायीं नाहीं. म्हणूनच हा झटका आधींच टाळतां येईल असा कांहीं उपाय निघाला आहे हें कानावर आलें कीं, घरांतील कर्तीं माणसें त्याच्या मागें लागतात, व तें स्वाभाविकहि आहे.

असा एक उपाय आपल्याकडील मोठ्या शहरांतून अलीकडे होऊं लागला आहे. हृदयाच्या एका कप्प्यास लागून असलेल्या लहानशा पिशवीचें तोंड, छाती न उघडतां, मांडीच्या शिरेंतून नळी नेऊन, एका जाळीदार झांकणानें बंद करावयाचें असें त्याचें स्वरूप. तो करावा कीं न करावा याचें सरसकट उत्तर नाहीं. परंतु ज्या हिशेबानें तें उत्तर काढावयाचें तो हिशेब फारसा अवघड नाहीं. आणि तो केवळ डॉक्टरांवर किंवा थोरल्या मुलावर न सोंपवितां, ज्याचें हृदय आहे त्यानें स्वतः समजून घ्यावा, हें सांगण्यासाठीं आम्हीं या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

प्रथम त्या पिशवीविषयीं. हृदयाचे कप्पे चार, हें शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. वरच्या दोन कप्प्यांस जुन्या पुस्तकांतून कर्णिका म्हणत, आजच्या पुस्तकांत अलिंद म्हणतात. आम्हांस येथें जुनाच शब्द सोईचा वाटतो. कारण डाव्या कर्णिकेच्या बाजूस खरोखरच कानाच्या पाळीसारखी एक पिशवी लोंबत असते. ती बोटाएवढी, दोनचार सेंटिमीटर लांबीची, आंतून सुरकुत्यांची व खांचाखोंचांची असते. गर्भांत हृदय घडत असतांना जी मूळची कर्णिका असते, तिचा हा उरलेला भाग होय. माणसागणिक तिचा आकार निराळा. तज्ज्ञांनीं त्या आकारांस निवडुंग, फुलकोबी, कोंबडीचा पंख अशीं नांवेंहि दिलीं आहेत. जुन्या वाड्याच्या भिंतींत कोनाडा असावा तसा हा हृदयाच्या भिंतींतील कोनाडा आहे, व या लेखांत आम्ही त्यास कोनाडाच म्हणूं.

हृदय नियमानें चालत असतें तोंवर या कोनाड्याचा कांहीं उपद्रव नाहीं. प्रत्येक ठोक्याबरोबर तोहि आवळतो व आंतील रक्त बाहेर टाकतो. परंतु उतारवयांत पुष्कळांच्या हृदयाचा ताल बिघडतो. कर्णिका आवळावयाची सोडून मिनिटास तीनशेंहून अधिक वेळां नुसती थरथरूं लागते. डॉक्टर लोक या विकारास एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण त्यास कर्णिकाकंप म्हणूं. त्यांत नाडीस कोणताच ठेका राहत नाहीं. एक ठोका लौकर तर दुसरा उशिरा, एक जोरकस तर दुसरा क्षीण. कोणास धडधड होते, कोणास दम लागतो, आणि कित्येकांस तर कांहींच कळत नाहीं. अशा थरथरणाऱ्या कर्णिकेंत रक्त घुटमळतें, व सर्वांत अधिक घुटमळतें तें या कोनाड्यांत. ओढ्याच्या कडेच्या डबक्यांत शेवाळ धरावें तसें तेथें रक्त साखळतें. ती गुठळी सुटली कीं मोठ्या रोहिणींत येते, आणि तेथून पुष्कळदां थेट मेंदूच्या वाटेस लागते.

अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम गांवच्या रहिवाशांच्या हृदयाची पाहणी १९४८ सालापासून चालू आहे. तींतून १९९१ सालीं असें निष्पन्न झालें कीं, कर्णिकाकंप असलेल्यास झटक्याचा धोका सुमारें पांचपट असतो. पन्नाशींतील लोकांस येणाऱ्या झटक्यांपैकीं शेंकडा १.५ या विकाराच्या माथीं येतात, पण ८० ते ८९ या वयांत तेंच प्रमाण शेंकडा २३.५ पर्यंत चढतें. १९९६ सालीं ब्लॅकशिअर व ओडेल या दोघां वैद्यांनीं निरनिराळ्या पाहण्यांतील नोंदी एकत्र केल्या. हृदयाच्या झडपा निरोगी असलेल्या रुग्णांत डाव्या कर्णिकेंतील गुठळ्यांपैकीं शेंकडा ९१ गुठळ्या एकट्या या कोनाड्यांत सांपडल्या. बालपणींच्या र्‍हुमॅटिक तापानें झडपा बिघडलेल्या रुग्णांत मात्र तें प्रमाण शेंकडा ५७ भरलें. हे दोन आंकडे वाचकांनीं मनांत ठेवावे; पुढें त्यांचें काम पडणार आहे.

या गुठळीवरील पहिला उपाय औषधाचा, आणि त्याची जन्मकथा मोठी चमत्कारिक आहे. १९२० नंतरच्या दशकांत उत्तर अमेरिकेंतील गुरें किरकोळ जखमेनेंहि रक्त वाहून मरूं लागलीं. कुजलेलें क्लोव्हर गवत पोटांत गेल्यानें असें होतें इतकें कळलें, पण त्यांतील घातक द्रव्य कोणतें तें कळेना. १९३३ च्या हिंवाळ्यांत विस्कॉन्सिन प्रांतांतील एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठणाऱ्या रक्तानें भरलेला दुधाचा डबा व तें गवत घेऊन, बर्फ पडत असतां, रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेच्या दारीं आला. लिंक व त्यांचे सहकारी यांनीं पुढें सहासात वर्षें खपून तें द्रव्य वेगळें काढलें. त्याच्याच कुळांतील वॉर्फरिन हें १९४८ सालीं उंदीर मारण्याचें औषध म्हणून बाजारांत आलें, आणि १९५४ पासून तेंच मोजूनमापून माणसांस दिलें जाऊं लागलें. विष आणि औषध यांत पुष्कळदां मात्रेचेंच अंतर असतें, ही गोष्ट आपल्या वैद्यकासहि नवी नाहीं.

वॉर्फरिननें कर्णिकाकंपांतील झटक्यांचें प्रमाण जवळजवळ दोनतृतीयांशांनीं घटतें, असें अनेक प्रयोगांच्या एकत्र गणनेवरून दिसून आलें आहे. मात्र त्यासाठीं रक्ताची वरचेवर तपासणी करावी लागते. पालक, मेथी, कोथिंबीर यांतील के जीवनसत्त्व त्याच्या उलट काम करतें. म्हणून पालेभाजी सोडावयाची नसली तरी एक दिवस ताटभर व पुढें आठ दिवस मुळींच नाहीं, असें करून चालत नाहीं. २०१० च्या सुमारास डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान व ॲपिक्सॅबान अशीं नवीं औषधें आलीं. त्यांस अशी वारंवार तपासणी लागत नाहीं, व मेंदूंत रक्त फुटण्याचें भय वॉर्फरिनपेक्षां कमी असतें. येथें गृहिणींसाठीं एक सूचना करून ठेवतों: रिव्हरॉक्सॅबानची नेहमींची मात्रा अन्नाबरोबर घ्यावयाची असते, उपवासाच्या दिवशीं ती चुकवूं नये, फराळाबरोबर द्यावी. या औषधांचा अंमल एका दिवसांतच उतरूं लागतो, त्यामुळें एकादशी गोळीस पाळतां येत नाहीं.

ॲस्पिरिन घेतलें म्हणजे हेंच काम झालें, अशीहि एक समजूत घरोघर आढळते. ती खरी नाहीं. ज्यांस वॉर्फरिन मानवणार नाहीं असें ठरलें होतें अशा ५,५९९ रुग्णांवरील एका प्रयोगाचें वृत्त २०११ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत ॲपिक्सॅबान घेणाऱ्यांस ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या मानानें निम्म्याहूनहि कमी झटके आले, आणि मोठ्या रक्तस्रावाचें प्रमाण दोहोंकडे जवळजवळ सारखेंच राहिलें. तात्पर्य, ‘यांना रक्त पातळ करणारें औषध सोसत नाहीं’ असें एकदां कोणी म्हटलें म्हणून तो निकाल कायमचा धरूं नये. जुनें औषध सोसलें नाहीं तरी नवें सोसूं शकतें.

तरीहि कांहीं माणसें अशीं उरतातच कीं, ज्यांस कोणतेंच रक्त पातळ करणारें औषध जन्मभर देतां येत नाहीं. एखाद्याच्या मेंदूंत पूर्वीं रक्त फुटलेलें असतें व तें पुन्हा फुटण्याचें कारण कायम असतें. एखाद्याच्या आंतड्यांतून वारंवार रक्त जातें, व तें कोठून जातें हें कळूनहि थांबवितां येत नाहीं. औषधाचा जो गुण तोच येथें त्याचा दोष ठरतो. गुठळीचें भय एका बाजूस व रक्तस्रावाचें दुसऱ्या, अशा कात्रींत सांपडलेल्या माणसासाठींच कोनाडा बुजविण्याची कल्पना पुढें आली.

ही कल्पना आजची नव्हे. १९४९ सालीं अमेरिकन शस्त्रवैद्य जॉन मॅडन यांनीं हा कोनाडा कापून काढल्याचें वृत्त प्रसिद्ध केलें होतें. परंतु केवळ तेवढ्यासाठीं छाती उघडणें म्हणजे रोगापेक्षां उपायच भारी. छाती न उघडतां तें करण्याचा मार्ग निघावयास पन्नासांहून अधिक वर्षें लागलीं. २००१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें होर्स्ट सीफर्ट यांनीं शिरेंतून नळी नेऊन कोनाड्यांत प्रथमच झांकण बसविलें, व पुढच्याच वर्षीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहिल्या १५ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तें पहिलें झांकण आतां मागें पडलें आहे. आज ज्यांचें नांव कानीं येतें तीं झांकणें म्हणजे वॉचमन, म्हणजेच रखवालदार, आणि ॲम्प्लाट्झर अम्युलेट. अमेरिकन सरकारच्या औषधनियामक खात्यानें पहिल्यास २०१५ सालीं व दुसऱ्यास २०२१ सालीं परवानगी दिली.

प्रत्यक्ष क्रिया अशी. रुग्णास बहुधा भूल देतात. अन्ननलिकेंत एक बारीक यंत्र उतरवून ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयाचें चित्र पडद्यावर पाहत राहतात. जांघेजवळच्या शिरेंतून नळी उजव्या कर्णिकेंत नेतात व दोन कर्णिकांमधील पातळ पडद्यास छिद्र पाडून डावीकडे शिरतात. झांकण मिटलेल्या छत्रीप्रमाणें त्या नळींत बसविलेलें असतें. तें निकेल व टिटॅनियम यांच्या अशा मिश्रधातूचें करतात कीं, कितीहि दाबलें तरी मोकळें होतांच आपला मूळचा आकार धरतें. त्यावर पॉलिएस्टरचें कापड ताणलेलें असतें. कोनाड्याच्या तोंडाशीं तें उघडतें, घट्ट बसलें कीं नाहीं हें ओढून पाहतात, आणि मनासारखें बसल्यावरच सोडतात. सारें काम सुमारें तासाभराचें. पुष्कळ रुग्ण दुसऱ्या दिवशीं घरीं जातात. पुढील कांहीं आठवड्यांत हृदयाचें आंतलें अस्तर त्या कापडावरून वाढतें व कोनाडा भिंतींत लिंपल्यासारखा होतो.

येथपर्यंत ऐकून कोणासहि वाटेल कीं, आतां औषधाची कटकट गेली. तसें लगेच होत नाहीं. झांकणावर अस्तर चढेपर्यंत त्या झांकणावरच गुठळी धरण्याचें भय असतें. म्हणून पहिल्या प्रयोगांत ४५ दिवस वॉर्फरिन व ॲस्पिरिन, नंतर पुन्हा तपासणी, मग सहा महिने होईपर्यंत दोन सौम्य औषधें व पुढें एकटें ॲस्पिरिन असा क्रम ठेवला होता. ज्यांस वॉर्फरिन मुळींच चालत नाहीं त्यांस कांहीं महिने दोन सौम्य औषधांवरच ठेवतात. इतकें करूनहि कांहीं थोड्या रुग्णांत झांकणावर गुठळी धरतेच, व कांहींत कडेनें फट राहते. शिवाय झांकण म्हणजे कर्णिकाकंपावरचा उपाय नव्हे. हृदयाचा ताल बिघडलेला तो बिघडलेलाच राहतो. मानेंतील रोहिणी चोंदून किंवा रक्तदाबानें मेंदूंतील वाहिनी फुटून येणारा झटका हें झांकण अडवूं शकत नाहीं. कोनाड्याच्या रखवालदारास साऱ्या वाड्याची राखण सांगतां येणार नाहीं.

आतां हिशेबाकडे वळूं. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांत ७०७ रुग्णांपैकीं कांहींस झांकण बसविलें व बाकीच्यांस वॉर्फरिनवर ठेवलें. झटके, मृत्यु वगैरेंची एकत्र गणना करतां झांकण औषधाहून उणें पडलें नाहीं. पण झांकणाच्या गटांत शेंकडा ४.८ रुग्णांच्या हृदयाभोंवतींच्या आवरणांत रक्त वा पाणी धोकादायक प्रमाणांत सांचलें. हात बसल्यावर हें प्रमाण पुष्कळ उतरलें. अमेरिकेंतील राष्ट्रीय नोंदवहींत २०१६ ते २०१८ या काळांतील ३८,१५८ क्रियांची नोंद आहे. त्यांत इस्पितळांत असतांनाच गंभीर इजा झालेल्यांचें प्रमाण शेंकडा २.१६ होतें. वॉर्फरिनशीं केलेल्या दोन प्रयोगांचा पांच वर्षांचा ताळेबंद २०१७ सालीं निघाला. गुठळीनें येणारे झटके झांकणवाल्यांत किंचित् अधिकच दिसले, जरी तो फरक निर्णायक नव्हता; पण मेंदूंत रक्त फुटून येणारे झटके पुष्कळच कमी झाले, आणि माणसास पंगु करून सोडणारे झटकेहि निम्म्याहून खालीं आले.

ही सारी तुलना जुन्या वॉर्फरिनशीं होती, हें मात्र विसरतां कामा नये. नव्या औषधांशीं गांठ पडल्यावर चित्र इतकें सरळ राहिलें नाहीं. २०२० सालीं चेक देशांतील ४०२ रुग्णांवरील प्रयोगांत दोन्ही बाजू बरोबरीच्या ठरल्या. २०२४ सालीं १,६०० रुग्णांवरील प्रयोगाचें वृत्त आलें. या रुग्णांच्या कर्णिकाकंपावर आधींच नळीच्या मार्गानें उपचार झालेला होता. तीन वर्षांत झटका, गुठळी किंवा मृत्यु यांचें प्रमाण झांकणवाल्यांत शेंकडा ५.३ व औषधवाल्यांत ५.८, म्हणजे जवळजवळ सारखें. पण क्रियेशीं संबंध नसलेला रक्तस्राव ८.५ विरुद्ध १८.१, म्हणजे निम्म्याहून कमी. उलट २०२५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील सुमारें ९०० अतिवृद्ध व जर्जर रुग्णांवरील प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. त्यांस झटक्याचें व रक्तस्रावाचें अशीं दोन्ही भयें मोठीं होतीं. झांकण शोभावें तें अशांसच, असा सर्वांचा होरा. परंतु झटका, मृत्यु व मोठा रक्तस्राव यांची एकत्र गणना करतां झांकण औषधोपचाराच्या बरोबरीस उतरलें नाहीं. त्या गटांतच अशा घटना अधिक भरल्या.

या उलटसुलट निकालांनीं वाचकांनीं गोंधळून जाऊं नये. त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. औषधाचा धोका हा हप्त्याहप्त्यानें फेडावयाच्या कर्जासारखा रोज थोडाथोडा व जन्मभर पसरलेला असतो. झांकणाचा धोका बहुतांशीं त्या एका दिवशीं व पुढील कांहीं महिन्यांत एकरकमी भरावा लागतो. ज्याच्यापुढें अजून बरीच वर्षें आहेत, आणि ज्याचे हप्ते फार जड आहेत, त्यास एकरकमी भरणा परवडतो. ज्याची प्रकृति इतर आजारांनीं अगोदरच खंगलेली आहे, त्यास ती रक्कम भरून मिळावयाचें काय, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेंतील हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०२३ सालीं असा अभिप्राय दिला कीं, झटक्याचें भय मोठें आहे व न टळणाऱ्या कारणामुळें औषध दीर्घकाळ देतां येत नाहीं अशा रुग्णास झांकण बसविणें योग्य होय. यूरोपांतील तज्ज्ञ २०२४ सालीं याहूनहि सावधपणें बोलले: अशा रुग्णांत त्याचा विचार करतां येईल, एवढेंच. केवळ गोळीचा कंटाळा हें कारण दोघांच्याहि यादींत नाहीं.

आपल्या देशाच्या दृष्टीनें आणखी एक भेद महत्त्वाचा आहे, व मघांचे दोन आंकडे आम्हीं लक्षांत ठेवावयास सांगितले ते याचसाठीं. र्‍हुमॅटिक तापानें झडप आकुंचित झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनहि पुष्कळ आहेत, व त्यांत तरुण स्त्रियाहि आहेत. त्यांच्या गुठळ्या कोनाड्याबाहेरहि धरतात. त्यामुळें कोनाडा बंद करून त्यांचें भय टळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर नव्या औषधांपेक्षां जुनेंच औषध त्यांस हितकर ठरतें, असें भारतासह २४ देशांतील सुमारें ४,५०० रुग्णांच्या पाहणींतून २०२२ सालीं दिसून आलें. शेजारच्या घरीं जें चाललें तें आपल्या घरीं चालेलच असें या रोगांत समजूं नये.

आणि ज्यांची छाती दुसऱ्या कारणानें उघडावयाचीच आहे, त्यांची गोष्ट आणखी निराळी. २७ देशांतील ४,७७० रुग्णांवरील एका प्रयोगाचें वृत्त २०२१ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. कर्णिकाकंप असलेल्या ज्या रुग्णांवर हृदयाची शस्त्रक्रिया होत होती, त्यांपैकीं निम्म्यांचा कोनाडा त्याच वेळीं बंद केला. सुमारें चार वर्षांत त्यांपैकीं शेंकडा ४.८ जणांस झटका वा गुठळीचा अपाय झाला. इतरांत तें प्रमाण ७.० होतें. पण त्यांतील बहुतेकांनीं औषध सोडलें नव्हतें. म्हणून घरांतील कोणाची बायपास वा झडपेची शस्त्रक्रिया ठरली असेल व त्यास कर्णिकाकंपहि असेल, तर शस्त्रवैद्यांस कोनाड्याविषयीं अवश्य विचारावें. मात्र त्यामुळें औषध सुटलें असें मानूं नये.

आतां जें आम्हांस सर्वांत अधिक मनापासून सांगावयाचें आहे तें सांगतों. आपल्या घरांतून वडिलांच्या आजाराचा निर्णय वडिलांच्या पाठीमागें घेण्याची रीत पडून गेली आहे. ‘त्यांना कशाला काळजी’, असें म्हणून मुलगा, जांवई व ओळखीचे एक डॉक्टर यांच्यांत सारें ठरतें, आणि ज्याच्या हृदयांत झांकण बसावयाचें त्यास आदल्या दिवशीं फक्त सामान भरावयास सांगतात. यांत प्रेम असतें हें खरें, पण त्या प्रेमांत वडीलपणाचा मान राहत नाहीं. एका धोक्याच्या बदल्यांत दुसरा धोका पत्करावयाचा असतो, तेव्हां कोणत्या धोक्याचें भय अधिक वाटतें हें ज्याचें त्यासच ठाऊक असतें. कोणी म्हणेल, रोज गोळी घेईन पण त्या टेबलावर जाणार नाहीं. कोणी म्हणेल, एकदां काय तें होऊन जाऊं दे. दोघेहि शहाणे असूं शकतात. अमेरिकेंत वृद्धांच्या उपचारांचा खर्च सोसणाऱ्या सरकारी योजनेनें २०१६ सालीं असा नियमच घातला कीं, झांकण बसविण्यापूर्वीं तें न बसविणाऱ्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरानें रुग्णाबरोबर बसून सर्व बाजूंचा विचार केला पाहिजे. नियम तिकडचा असला तरी शहाणपण इकडेहि लागू पडतें.

आजींची गोष्ट तर याहूनहि नाजूक. अंगावर निळे डाग पडले, हिरड्यांतून रक्त आलें, तरी त्या कोणास सांगत नाहींत; गुपचूप गोळी बंद करतात व डबी उशाशीं तशीच ठेवतात. कांहीं घरांतून आजी एकदां न्हाणींत पडल्या म्हणून घरचींच माणसें औषध थांबवितात. पडण्याच्या भयानें वॉर्फरिन सोडावें काय, याचा एक हिशेब १९९९ सालीं कॅनडांतील वैद्यांनीं मांडला. त्या हिशेबानें, झटक्यापासून मिळणाऱ्या रक्षणापेक्षां पडून मेंदूंत रक्तस्राव होण्याचा धोका जड होण्यास माणसास वर्षांतून सुमारें २९५ वेळां पडावें लागेल. तेव्हां आजी पडल्या तर न्हाणींतील फरशी खडबडीत करावी, भिंतीस धरावयास दांडा लावावा, डोळ्यांचा चष्मा तपासावा; औषधास हात लावण्याआधीं मात्र डॉक्टरांस विचारावें.

झांकणाचा विषय निघाला तर डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न थोडेच आहेत. यांस झटक्याचें भय किती? पंच्याहत्तरी उलटलेली असणें, पूर्वीं झटका येऊन गेलेला असणें, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता यांवरून तें गुण देऊन मोजतात. नवें औषध खरोखरच चालणार नाहीं काय, आणि रक्त जाण्याचें कारण दूर करतां येणार नाहीं काय? आपण अशा किती क्रिया केल्या, व त्यांत इजा किती झाल्या? नंतर कोणतीं औषधें, किती महिने, आणि पुन्हा तपासणी केव्हां? हे प्रश्न विचारणें हा डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगल्या डॉक्टरास ते विचारलेले आवडतात.

आणि या सगळ्याच्या आधींची पायरी अगदीं साधी आहे. तिला ना इस्पितळ लागतें ना पैसा. घरांत ज्यांचें वय ६५ च्या पुढें गेलें आहे त्यांच्या मनगटावर महिन्यांतून एकदां तीन बोटें ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ठेका चुकत असेल, तर त्याच आठवड्यांत हृदयाचा विद्युत्-आलेख काढून घ्यावा. आणि कधीं काळीं कोणाचें तोंड वांकडें झालें, हात खालीं पडूं लागला, बोलणें अडखळलें, तर तेल चोळीत व शेजाऱ्यांस विचारीत बसूं नये. झटक्यास आरंभ झाल्यापासून साडेचार तासांच्या आंत गुठळी विरघळविणारें औषध देतां येतें, म्हणून घड्याळ पाहून थेट मोठें इस्पितळ गांठावें, व रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास तें तेथें पहिल्याच वाक्यांत सांगावें.

कोनाड्यास झांकण बसवावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न शेंकडा थोड्यांच घरांपुढें येईल. पण औषधाची डबी पाहणें, नाडीवर बोटें ठेवणें, आणि घरांतील वृद्धांस त्यांच्याच देहाविषयीं विचारणें, हीं तीन कामें प्रत्येक घरास करतां येण्यासारखीं आहेत. यांपैकीं शेवटचें काम आमच्या वाचकांनीं आजच संध्याकाळीं करावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.